दोष चामड्याचा

विंचवाबद्दल चांगलं बोलणारा माणूस त्या गल्लीत शोधूनही सापडत नाही. तरीही गल्लीतले निम्मे पुरुष सकाळी आपला गळा त्याच्याच हाती देतात. हे टोपणनाव कशावरून पडलं, याबद्दल दोन मतं आहेत. काहींच्या मते ते त्याच्या जिभेवरून पडलं. काहींच्या मते वस्तरा धरताना त्याची करंगळी मागच्या दांडीवर वाकडी होऊन बसते, त्यावरून. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "नाव ठेवणाऱ्याला माझ्या खुर्चीत बसवा. उठेपर्यंत त्याला दोन्ही मतं पटतील."

विंचू न्हावी आहे, त्याचा बाप न्हावी होता आणि मुलगाही न्हावीच झाला. दुकान म्हणजे रस्त्यापासून एक पायरी खाली उतरलं की लागणारी लांबट खोली. एका भिंतीला आरसा, आरशासमोर दोन खुर्च्या. दाराजवळची खुर्ची मुलाची. तिथे मशीन चालतं, गाणी चालतात, वापरून फेकायची पाती चालतात. आतली, खिडकीलगतची खुर्ची विंचवाची. तिथे काही चालत नाही. गिऱ्हाइकाने बोललेलं चालत नाही, मान हलवलेली चालत नाही, खोकलेलंसुद्धा चालत नाही.

दोन खुर्च्यांच्या मध्ये टॉवेलांचं कपाट आहे. त्याची कडी कधीचीच मोडली, म्हणून दार एका रुंद, गडद तपकिरी चामडी पट्टीने बांधून ठेवलेलं असतं. ही पट्टी कपाट बांधायला केलेली नव्हती. तिच्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं आहे.

खिडकीच्या चौकटीला पितळी हूक आहे आणि त्याला दुसरा पट्टा लोंबतो. तो विंचवाच्या बापाचा. वस्तऱ्याला धार लागते दगडावर, पण दगडावरून उचललेला वस्तरा तसाच गालावर ठेवला तर गाल सोलून निघतो. ती धार आधी चामड्यावर ओढून सरळ आणि मऊ करावी लागते, प्रत्येक दाढीआधी. विंचू डाव्या हाताने पट्ट्याचं खालचं टोक धरून ताणतो आणि उजव्या हाताने वस्तरा खाली-वर फिरवतो. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर उलटवायचा, धारेवर नाही. तिथे हात चुकला की वस्तरा पट्ट्यालाच चावतो. पट्टा नीट ताणलेला असला की टक्-सर्र, टक्-सर्र असा कोरडा, उंच आवाज येतो. तो आवाज ऐकून समोरचा चहावाला पहिलं आधण ठेवायचा.

गेल्या थंडीनंतर आवाज बदलला. टक् गेलं आणि नुसतं फस्स-फस्स उरलं. ते सगळ्यांत आधी सुनेच्या लक्षात आलं. दुकानाची खरेदी, कामाच्या वेळा, कारागिरांचं येणं-जाणं ती बघते आणि सकाळी कपाटापाशी उभी राहून टॉवेलांच्या घड्या घालते. तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने गाण्याचा आवाज थोडा वाढवला.

मग गिऱ्हाइकांचे गाल बोलू लागले. कोणाला आग व्हायची, कोणाच्या गळ्यावर लाल ठिपके उठायचे. विंचवाने आधी साबणाला शिव्या दिल्या, मग पाण्याला, मग गिऱ्हाइकांना. "आजकाल लोकांना कातडीच राहिलेली नाही," असं तो म्हणायचा. त्याच्या समोर नाही म्हणणार कोण? लोक तुरटी चोळून घेत, उठत आणि पुढच्या खेपेला दाराजवळच्या बाकावर बसून मुलाची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत.

टेलरने मात्र वाट पाहिली नाही. पलीकडच्या कोपऱ्यावर शिवणकामाचं दुकान चालवणारा हा गृहस्थ विंचवाचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. शिव्या खाण्यातही सगळ्यांत जुना.

"मान वर," विंचू म्हणाला.

"वरच आहे."

"ती हनुवटी. मान तिच्या खाली असते. कपडे शिवता ना तुम्ही? कॉलर कुठे लावता, कानाला?"

टेलरने मान वर केली. वस्तरा कानापासून जबड्यापर्यंत आला. टेलरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, वस्तरा ओढतोय."

"वस्तरा ओढत नाही. तुमची दाढी ओढतेय. काल काय खाल्लंत?"

"जेवलो."

"मग कमी जेवा."

वस्तरा पुन्हा खाली आला. टेलरने गळ्याभोवतीचं कापड स्वतःच सोडलं, अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून उठला, तीन पावलं चालला आणि मुलाच्या खुर्चीत जाऊन बसला. दुकानात गाणं सुरू होतं. ते कोणीतरी बंद केलं. मुलाने बापाकडे पाहिलं. बाप खिडकीबाहेर बघत होता. मुलाने नवं पातं उघडलं.

त्या दिवशी दुपारी, दुकानामागच्या खोलीत जेवणं झाल्यावर, विंचवाच्या बायकोने पहिला टोमणा मारला. "टेलरचं काय झालं ते मला सांगू नका हं. सगळ्या गल्लीचं सांगून झालंय."

"दोष पट्ट्याचा आहे," विंचू म्हणाला. "झिजलाय. धार धरत नाही."

सून भांडी आवरत होती. तिने हात पुसले आणि समोर येऊन बसली. सासऱ्याशी बोलताना तिचा आवाज कधी चढत नाही. विंचवाला तिची तीच गोष्ट सगळ्यांत जास्त खटकते.

"बाबा, एक कारागीर सोमवारपासून यायला तयार आहे. मशीन, रंग, सगळं येतं त्याला. त्याला खुर्ची लागेल."

"मग घ्या की विकत."

"ठेवायला जागा कुठे आहे? तुमची द्यावी लागेल."

मुलगा पाण्याचा तांब्या निरखत बसला होता.

"आणि मी?"

"गल्ल्यावर बसा. वस्तरा ड्रॉवरमध्ये ठेवू, नीट पुसून."

"गल्ल्यावर बसून काय करू?"

"गिऱ्हाइकांना शिव्या द्या. त्यासाठी उभं राहायची काय गरज आहे?"

बायको हसली आणि मग हसल्याबद्दल खोकली. सून पुढे म्हणाली, "एक संधी मी ठेवलीय. टेलरकाकांशी बोलले. रविवारी सकाळी ते तुमच्या खुर्चीत बसतील. म्हणाले, एक गाल देतो. तो जळला तर दुसरा तुझ्या नवऱ्याकडून करून घेईन. तसं झालं तर सोमवारी खुर्ची त्या कारागिराची."

"पट्टा खराब असताना मी काय कपाळावर परजू वस्तरा?"

"मग नवा करून घ्या. अप्पांकडे चामडं आहे."

अप्पा म्हणजे तिचे वडील. विंचवाचे व्याही.

"तुझ्या बापाच्या चामड्यावर? त्यापेक्षा भिंतीवर ओढेन."

"भिंत आपली नाही," सून म्हणाली, "मालकाची आहे," आणि उठली.

व्याह्याचं दुकान पुलापलीकडे आहे. तो बॅगा शिवतो, कमरेचे पट्टे करतो, जुन्या सुटकेसांना मुठी लावतो. एकेकाळी न्हाव्यांचे पट्टेही करायचा आणि त्या कामाचा त्याला अभिमान होता. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने होणाऱ्या व्याह्यासाठी स्वतःच्या हाताने एक पट्टा केला. चामडं निवडायलाच त्याने कितीतरी दिवस घालवले. लग्नाच्या दिवशी, पाहुणे जमलेले असताना, तो त्याने विंचवाच्या हातात दिला. विंचवाने पट्टा उलटासुलटा केला, वाकवला, हुंगला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "म्हैस बांधायला ठीक आहे." पाहुणे हसले. त्यात पाच-सहा न्हावी होते. पुढच्या काही महिन्यांत व्याह्याकडे पट्टे घ्यायला येणारे न्हावी कमी होत गेले आणि मग यायचेच थांबले. म्हैस नव्हती, म्हणून विंचवाने तो पट्टा कपाटाला बांधला. मुलीला भेटायला आलेल्या व्याह्याने तो तिथे पाहिला. त्यानंतर व्याही दुकानात आला नाही. मुलगीच तिकडे जाऊन भेटते.

बायकोचं या प्रकरणावर एकच म्हणणं असतं आणि ते ती दर काही महिन्यांनी ऐकवते. "चांगला होता म्हणूनच बांधलात कपाटाला. वाईट असता तर वापरला असता आणि रोज शिव्या दिल्या असत्या."

पुलापलीकडे जायचं टाळण्यासाठी विंचवाने सगळा बाजार पालथा घातला. पट्ट्यांच्या दुकानात त्याला रेक्झिन दाखवलं. चपलांच्या दुकानात रसायनात झटपट कमावलेलं मऊसूत चामडं मिळालं. त्यावर बोट दाबलं की रबरासारखं उसळून वर यायचं. "यावर वस्तरा नाही, बाळ निजवा," असं सांगून तो बाहेर पडला. एका दुकानदाराने विचारलं, "काका, पण आता वस्तरा वापरतं कोण?" विंचू त्याच्या दाढीकडे बघून म्हणाला, "तुम्ही नाही, ते दिसतंय."

शनिवारी सकाळी त्याने जुना पट्टा हुकावरून काढला, गुंडाळून पिशवीत टाकला, कागदात गुंडाळलेला वस्तरा खिशात ठेवला आणि पूल ओलांडला.

व्याही खाली मान घालून एका बॅगेच्या कडेला टाके घालत होता. त्याने मान वर केली नाही.

"या, व्याहीबुवा. वाट चुकलात?"

"वाट बरोबर आहे. माणूस चुकीचा आहे, पण दुसरा मिळाला नाही."

"बसा."

"बसायला आलेलो नाही."

"बरं झालं. खुर्ची नवीन आहे. तुम्ही तिला नावं ठेवली असती."

व्याह्याने टाका ओढून दोरा दातांनी तोडला. कशासाठी आलात, हे त्याला मुलीने फोनवर सांगितलं होतं. तरी त्याने विचारलं. विंचवाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"वस्तऱ्याच्या पट्ट्यासाठी चामडं पाहिजे."

"एक दिला होता ना मी?"

"आहे. कपाटाला."

"ऐकून आहे. दार नीट लागतं?"

"कुरकुरतं."

व्याही उठला. मागच्या मांडणीवरून त्याने चामड्याच्या पट्ट्या काढल्या आणि एकेक करून टेबलावर टाकल्या. दोघांनाही या कामातलं कळतं, त्यामुळे पुढचा अर्धा तास जे झालं त्याला खरेदी म्हणता येणार नाही. ती झटापट होती, फक्त हातात चामडं होतं.

पहिली पट्टी दिसायला देखणी होती. गुळगुळीत, मधाच्या रंगाची. विंचवाने ती दोन हातांत धरून ओढली आणि लगेच टाकून दिली.

"पोटाचं आहे. तुमच्यासारखंच. ओढलं की वाढतं."

"बघत होतो, ओळखता का," व्याही म्हणाला. "पाठीचं घ्या मग."

पाठीच्या भागाचं चामडं घट्ट असतं, ताणलं तरी लांबत नाही. विंचवाने दुसरी पट्टी उजेडात तिरकी धरली. त्यावर गोचिडीचे बारीक डाग होते. "याला देवी आल्या होत्या का?" तिसरी म्हशीची होती, जाड आणि खरखरीत. तिच्यावरून त्याने मनगटाची आतली बाजू फिरवली. "वस्तरा अडेल." चौथीला मध्येच जाडी कमी होती, ती त्याने डोळे मिटून नुसत्या चिमटीने शोधली. पाचवी घोड्याची. झाडाच्या सालीत सावकाश कमावलेली, रंगाने काळपट, अंगाने गार. विंचवाने तिच्यावर अंगठ्याचं नख दाबलं. खाच पडली आणि हळूहळू भरून आली. त्याने ती वाकवली. वरच्या बाजूला सुरकुती पडली नाही. त्याने ती हुंगली आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

"नावं ठेवा की," व्याही म्हणाला.

"शोधतोय."

मग त्याने खिशातून वस्तरा काढला. व्याह्याच्या टेबलाच्या कडेला एक खिळा होता. त्याला घोड्याच्या चामड्याची पट्टी अडकवून विंचवाने डाव्या हाताने टोक धरलं आणि वस्तरा फिरवला. फस्स-फस्स. पुन्हा फिरवला. फस्स. मग टोक तसंच धरून त्याने वस्तरा डाव्या हातावरच्या केसांवरून ओढला. केस वाकले, तुटले नाहीत.

"चामडं मेलेलं आहे."

"मेलेलंच असतं, व्याहीबुवा. जिवंत जनावराचं मी काढत नाही."

"यात दम नाही. धार खातंय. तेव्हाही असंच होतं."

'तेव्हाही' हा शब्द ऐकून व्याही टेबलाला वळसा घालून आला. त्याने विंचवाच्या पिशवीतून डोकावणारा जुना पट्टा न विचारता बाहेर ओढला आणि उलगडला. वरचं निम्मं चामडं काचेसारखं स्वच्छ होतं. खालच्या टोकाशी, जिथे डावा हात धरतो तिथे, आडवे चरे पडलेले होते. एकावर एक, कितीतरी. सगळे ताजे.

"वस्तरा चावलाय," व्याही म्हणाला.

"चामडं झिजलं की चावतोच."

"झिजलं असतं तर सगळीकडे चावला असता. हा फक्त खाली चावलाय. टोकाशी पट्टा सैल पडतोय."

"मला शिकवू नका. बॅगा शिवा."

व्याह्याने जुना पट्टा खाली ठेवला. खिळ्याला लोंबणाऱ्या घोड्याच्या पट्टीचं टोक त्याने विंचवाच्या डाव्या हातातून काढून घेतलं. त्याला जोर लावावा लागला नाही. ते त्याच्या लक्षात आलं आणि आपल्या लक्षात आलंय हे त्याने चेहऱ्यावर दिसू दिलं. पट्टी त्याने स्वतःच्या दोन्ही हातांनी ताणून धरली.

"ओढा."

"कशाला?"

"ओढा हो. चामडं मेलंय ना? बघू."

विंचवाने वस्तरा पट्टीवर ठेवला आणि ओढला. टक्-सर्र. तो थांबला. पुन्हा ओढला. टक्-सर्र, टक्-सर्र. थंडीपासून न ऐकलेला तो आवाज बॅगांनी भरलेल्या त्या खोलीत मोकळा वाजत होता. त्याने वस्तरा पुन्हा हातावरून ओढला. केस उडाले आणि टेबलावर पडले.

दोघेही टेबलावरच्या केसांकडे बघत राहिले.

विंचवाचा डावा खांदा थंडीत धरला होता. हात एका उंचीच्या वर जात नव्हता आणि मुठीत जोर राहिला नव्हता. हे त्याने घरी कोणाला सांगितलं नव्हतं. शर्ट घालताना तो खोलीचं दार लावून घ्यायचा. कपाटाच्या वरच्या खणातले टॉवेल मुलाला काढायला सांगायचा. म्हाताऱ्याला हुकूम सोडायची हौसच आहे, असं सगळे धरून चालायचे. पट्टा झिजलाय असं तो इतक्या वेळा म्हणाला होता की त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

"दोष चामड्याचा नव्हता," व्याही म्हणाला. हे वाक्य त्याने मुलीच्या लग्नापासून तयार ठेवलेलं असावं. "हाताचा आहे. खांदा गेलाय तुमचा."

"खांदा ठीक आहे."

"मग वर करा."

विंचवाने वस्तरा मिटला. व्याह्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती आणि विंचवाला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं असेल. व्याही आत गेला आणि एक लाकडी फळी घेऊन आला. हातभर लांब, चार बोटं रुंद, एका टोकाला मूठ.

"यावर चिकटवून देतो. ताणायला नको. फळीचं टोक टेबलाला टेकवा, नुसता हात ठेवा. तुमचा हात तेवढं करेल."

विंचवाचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा झाला. त्याच्या बापाच्या दुकानात फळी फक्त शिकाऊंना मिळायची. ज्याला पट्टा ताणता येत नाही, ज्याचा वस्तरा उलटवताना चुकतो, तो फळीवर हात बसवायचा. लोंबता पट्टा हाती आला की तो कारागीर झाला. विंचवाच्या हाती पट्टा आला त्या दिवशी त्याने आपली फळी दुकानात पाणी तापवायच्या शेगडीत घातली होती.

"फळीवर पोरं शिकतात," तो म्हणाला.

"म्हणूनच देतोय."

"पट्टी तशीच द्या. लोंबती."

"नाही."

"काय नाही? विकायला ठेवलंय ना?"

"लोंबती देणार नाही. तुम्ही ती सैल धराल, तिच्यावर धार बिघडवाल आणि चार लोकांत सांगाल, व्याह्याचं चामडं भिकार. एकदा ऐकलंय. फळीवर लावून नेणार असाल तर न्या. नाहीतर पूल तिकडे आहे."

विंचवाने जुना पट्टा पिशवीत कोंबला. दारात थांबून तो म्हणाला, "बॅगेचा टाका वाकडा गेलाय." व्याह्याने बॅग उचलून बघितली. टाका सरळ होता. तोवर विंचू रस्त्यावर पोचला होता.

रविवारी सकाळी दुकान गच्च भरलं. टेलरचा एक गाल ही बातमी गल्लीभर झाली होती आणि ज्यांची दाढी कालच झाली होती तेही आले होते. बाकावर नवा कारागीर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. सोमवारपासून यायचं, तर आधी खुर्ची बघून घ्यावी, असं त्याला वाटलं असणार. त्याचं पान बराच वेळ उलटलेलं नव्हतं.

विंचवाने जुना पट्टा पुन्हा हुकाला अडकवला होता. टेलर येऊन बसला. विंचवाने कापड बांधलं, साबण घोटला, दोन्ही गालांना फेस लावला. "एकच म्हणालो होतो," टेलर म्हणाला. "फेस फुकट आहे," विंचू म्हणाला. मग त्याने वस्तरा घेतला आणि पट्ट्याचं टोक धरलं. फस्स. फस्स. गाणी बंद होती, त्यामुळे ते आणखीच मोठ्याने ऐकू आलं.

सुनेने आरशासमोरच्या फळकुटावर एक पुडकं ठेवलं. जुन्या कागदात बांधलेलं, लांबट.

"अप्पांनी पाठवलंय."

"ने परत."

"मी नेणार नाही. टॉवेल वाळत घालायचेत." ती कपाटाकडे गेली. तिथे उभी राहून टॉवेलांच्या घड्या घालत राहिली, वाळत घातले नाहीत.

पुडक्यात काय आहे हे विंचवाला माहीत होतं. दुकानात इतर कोणाला माहीत नव्हतं. त्याने पुन्हा पट्टा धरला आणि पुन्हा फस्स झालं. खाली, टोकाशी, वस्तऱ्याने चामड्यात आणखी एक चरा पाडला. तो त्यालाही दिसला.

"काका," टेलर म्हणाला, "फेस वाळतोय."

विंचवाने पट्टा सोडला. पुडक्याचा कागद त्याने सोडवला नाही, फाडला. आतून मुठीची फळी निघाली आणि तिच्यावर घोड्याच्या चामड्याची काळपट पट्टी, कडेपर्यंत एकसारखी चिकटवलेली. एवढ्या जवळून बघूनही त्याला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

बाकावरून हसण्याचा आवाज आला. नवा कारागीर म्हणाला, "फळी? आम्हाला शिकताना द्यायचे."

"तुला शिकवलं? कोणी?" विंचू वळला नाही. "त्याचा पत्ता दे. तुरुंगात टाकायला पाहिजे."

लोक हसले. टेलर आरशातून बघत होता. "काय हो काका, क्रिकेट खेळायचंय का?"

"चेंडू खुर्चीत बसलाय. मान वर."

त्याने फळीचं टोक फळकुटाच्या कडेला टेकवलं, मुठीवर डावा हात नुसता ठेवला आणि वस्तरा फिरवला. ताणलेल्या पट्ट्याचं टक् त्यात नव्हतं. लाकडाचा जड, बुटका आवाज येत होता. सर्र-ठक, सर्र-ठक. समोरचा चहावाला हातातलं भांडं ठेवून दारात आला आणि हे कसलं सुतारकाम म्हणून डोकावला. सगळं दुकान बघत असताना, एका शिकाऊसारखा, विंचू फळीवर वस्तरा परजत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. त्या वेळात त्याने कोणाला शिवी दिली नाही आणि तेच बघणाऱ्यांना जास्त जड गेलं.

मग त्याने टेलरच्या कानामागे अंगठा ठेवला, कातडी ताणली आणि वस्तरा खाली आणला. कानापासून जबडा, जबड्यापासून गळा. पुन्हा केसांच्या उलट, खालून वर. टेलरचे डोळे मिटलेले होते. गाल संपला तेव्हा विंचू वस्तरा बाजूला धरून थांबला.

टेलरने डोळे उघडले. कापडातून हात काढून त्याने गालावरून फिरवला, कापडाचा पोत बघतो तसा, आधी बोटांनी आणि मग बोटांच्या मागच्या बाजूने. मुलाच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. मुलगा नवं पातं हातात घेऊन उभा होता.

टेलरने हात आत घेतला आणि तोंड वळवून दुसरा गाल वर केला.

मुलाने पातं डब्यात टाकलं. नव्या कारागिराने पान उलटलं, थोडं वाचल्यासारखं केलं आणि वर्तमानपत्र बाकावर ठेवून निघून गेला. "एवढ्यात?" विंचू त्याच्या पाठीला म्हणाला. "शिकायला बसायचं होतं ना?"

टेलर उठून गेल्यावर सुनेचा फोन वाजला. तिने दोन शब्द ऐकले आणि फोन छातीशी धरून सासऱ्याकडे वळली. दुकान अजून भरलेलं होतं.

"अप्पा विचारतायत, कसं झालं?"

विंचू फळी पुसत होता. "सांग, फळी बरी आहे. चामडं भिकार."

तिने शब्द न बदलता ते सांगितलं. पलीकडचं ऐकलं. मग त्याच सपाट आवाजात म्हणाली, "म्हणतात, भिकार असेल तर आजच परत पाठवा. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

विंचवाने आरशाखालचा ड्रॉवर ओढला. सून वस्तरा पुसून ठेवणार होती तोच. त्याने फळी आत ठेवली, चामड्याची बाजू वर, ड्रॉवर लावला, किल्ली फिरवली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"किल्ली सापडत नाही, म्हणावं."